सन २०४२ ची नक्कल

मराठी शिकवणाऱ्या माणसाला कोणतीही समिती चालते, अशी महाविद्यालयांतून एक सर्वमान्य समजूत आहे. विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा सोडवत नाही, वाणिज्यवाल्यांना कसल्या ना कसल्या बेरजा करायच्या असतात, उरतो आम्ही. वार्षिकांक, वक्तृत्वस्पर्धा, वृक्षारोपण, पाहुण्यांचा परिचय आणि त्याच पाहुण्यांचे आभार ही खाती नोकरीच्या पहिल्या वर्षापासून माझ्याकडे आहेत. २०२३ साली त्यांत संकेतस्थळ समितीची भर पडली. शब्द मराठी दिसला, म्हणून काम मराठीच्या बाईंकडे, एवढाच त्यामागचा विचार असावा. जुन्या काव्यात संकेतस्थळ म्हणजे नायिकेने भर पावसात, काट्याकुट्यांतून जाऊन प्रियकराला भेटण्याची जागा. आमच्या संकेतस्थळावर भेटतात ते प्रवेशाच्या याद्या, शुल्काचे तक्ते आणि प्राचार्यांचे मनोगत. पण त्या गद्य जागेपर्यंत पोचता न आल्यामुळे एका मुलीचे सबंध वर्ष वाया जाण्याची वेळ आली होती, आणि ती का आली हे शोधताना मला जे काही कळले ते सांगण्यासारखे आहे.

समितीचे काम म्हणजे शुद्धलेखन तपासणे, अशी मी स्वतःची सोयीस्कर समजूत करून घेतली होती. यंत्रांच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही असेही ठरवले होते. तो बेत आमच्या संगणक प्रयोगशाळेतल्या तरुण सहायकाने मोडला. काही माणसांना शिकवण्याची इतकी हौस असते, की त्यांना प्राध्यापक का केले नाही असे वाटत राहते. आणि काही प्राध्यापकांकडे पाहून याच्या उलट वाटते. ते असो. या पोराने मला चार-पाच दुपारी खर्चून डी. एन. एस. समजावून दिले. मी ते माझ्या भाषेत सांगते आहे. ऐकून तो कपाळाला हात लावील, पण त्याला इलाज नाही.

आपण संकेतस्थळाचे नाव टंकतो. जाळ्यावरच्या यंत्रांना मात्र नाव कळत नाही, त्यांना आकड्यांचा पत्ता लागतो. नाव ऐकून पत्ता सांगणारी जी व्यवस्था आहे तिला डोमेन नेम सिस्टीम म्हणतात. फार पूर्वी, अमेरिकेतल्या अर्पानेटच्या काळात, हे काम एका वहीवर भागत असे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे एका संशोधनसंस्थेत एकच यादी ठेवलेली असे आणि एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या हाताखालचे कार्यालय ती सांभाळीत असे. कोणी नवे यंत्र जोडले की त्या कार्यालयाला कळवायचे, त्यांनी यादीत नाव चढवायचे आणि बाकीच्यांनी अधूनमधून यादीची नक्कल उतरवून न्यायची. यंत्रे थोडी होती तोवर हे चालले. पुढे नावे इतकी वाढली की यादी नेणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत ती शिळी होऊ लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी तोड काढली. एकच मोठी वही ठेवायची नाही; ज्याची वस्ती त्याने आपली वही लिहावी, आणि वरच्याने फक्त कोणती वही कोणाकडे आहे एवढे लक्षात ठेवावे. १९८७ साली या व्यवस्थेचे सुधारलेले नियम निघाले. तेच थोड्याफार डागडुजीने आजही चालू आहेत.

म्हणजे आपण परक्या गावात पत्ता विचारीत जातो तसेच हे. स्टँडवरचा पानवाला आपल्याला घर दाखवीत नाही, तो म्हणतो, "मारुतीच्या देवळापाशी विचारा." देवळापाशी बसलेला म्हातारा म्हणतो, "त्या बोळात जा, तिथे कोणीही सांगेल." आमच्या महाविद्यालयाचे नाव विचारीत जो येतो तो आधी अगदी मुळाशी असलेल्या यंत्रांकडे जातो. ती त्याला 'इन' या शेवटाच्या वहीवाल्यांकडे धाडतात आणि मजल दरमजल करीत तो आमच्या दाराशी येतो. आमची वही आमच्याकडे.

या वहीला त्यांच्या भाषेत झोन म्हणतात. सहायकाने ती मला पडद्यावर दाखवली. आखीव नोंदी, पुढे आकडे, आणि कित्येक नावांच्या शेवटी चक्क पूर्णविराम. मला फार बरे वाटले. हल्लीच्या उत्तरपत्रिकांतून पूर्णविराम हद्दपार झालेला आहे, तो इथे आश्रयाला आलेला दिसला. मी विचारले, "हा टिंब नाही दिला तर?"

"मग नाव संपलंय हे त्याला कळत नाही मॅडम. ते नावापुढे आपल्या वहीचं नाव पुन्हा चिकटवतं."

थट्टा वाटेल, पण १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडनमध्ये हेच झाले. त्या देशाची वही तयार करणाऱ्या एका आज्ञावलीत नावाच्या शेवटचा टिंब राहून गेला आणि देशाच्या नावाने शेवट होणारी नऊ लाखांच्या आसपास संकेतस्थळे काही काळ सापडेनाशी झाली. पूर्णविरामाचे महत्त्व सांगताना मी वर्गात आता हेच उदाहरण देते. पूर्वी मी व्याकरणकारांची नावे घेत असे, त्याने कोणावर परिणाम होत नसे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. वही एकाच ठिकाणी ठेवली आणि तिथली वीज गेली तर आपला पत्ता सांगणारे कोणीच उरत नाही. म्हणून नियम असा की निदान दोन ठिकाणी वही हवी. मूळ वही जिथे लिहिली जाते ते मुख्य यंत्र, आणि जिथे तिची नक्कल असते ते दुय्यम. दुय्यम म्हटले की मला 'दुय्यम निबंधक कार्यालय' अशी पाटी आणि पाटीखालचे बाक आठवतात, पण या दुय्यमाला बाहेर कोणी दुय्यम मानीत नाही. विचारायला येणारा दोघांपैकी कोणाकडेही जातो आणि दोघांच्या उत्तराला सारखेच वजन असते. आमचे मुख्य यंत्र आमच्याच प्रयोगशाळेत, आणि दुय्यम पुण्याला, आमच्याच शिक्षणसंस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयात. पूर्वी कधीतरी दोन्हीकडच्या मंडळींनी आपसात ठरवले होते, की तुमची नक्कल आम्ही ठेवू, आमची तुम्ही ठेवा. घराची एक किल्ली शेजारी ठेवावी तसे.

ही नक्कल उतरवून घेण्याला झोन ट्रान्सफर म्हणतात, आणि ती कधी उतरवायची हे ठरवण्याची रीत पाहून मी थक्क झाले. वहीच्या डोक्यावर एक अनुक्रमांक असतो. वहीत काही बदलले की लिहिणाऱ्याने तो वाढवायचा. पुण्याचे यंत्र ठरल्या वेळी येते आणि फक्त तो अनुक्रमांक विचारते. आपल्याजवळच्यापेक्षा तो मोठा असला तर सबंध वही उतरवून घेते. नसला तर "माझी प्रत ताजी आहे" असे समजून परत जाते. आत काय लिहिले आहे, ते आपल्या प्रतीशी जुळते की नाही, हे ते पाहतच नाही.

आमच्या शास्त्रातले नकलकार आठवले. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली, आणि पुढच्या तीनशे वर्षांत हातोहात उतरवली जाताना तिच्यात इतके अपपाठ शिरले की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना तिची प्रत शुद्ध करायला बसावे लागले. त्या कामात प्रतीवरचा आकडा पाहून भागत नाही. ओवीला ओवी लावून पाहावी लागते. शिवाय आमच्याकडे जितकी जुनी प्रत तितकी ती मोलाची. यांच्याकडे सगळे उलटे: नवी ती खरी, आणि नवी कोणती हे आकडा सांगणार. सहायकाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, त्याला रोज लाखो प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. ओव्या लावत बसला तर संपलंच." तेही खरेच आहे.

आकडा कसा लिहावा याचा सक्तीचा नियम नाही, पण रूढी अशी की आधी साल, मग महिना, मग तारीख, आणि शेवटी त्या दिवशी कितव्यांदा बदल केला त्याचे दोन अंक. १४ जून २०२४ चा पहिला बदल म्हणजे २०२४०६१४०१. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवण्याची तसदी घ्यावी.

त्या १४ जूनला आमचे संकेतस्थळ जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर गेले. वहीत नवा पत्ता लिहिला गेला, अनुक्रमांक रीतसर बदलला. जुने यंत्र मात्र बंद केले नाही, कारण ग्रंथालयाची सूची अजून त्याच्यावर होती. त्याच्यावर आमची जुनी पाने तशीच राहिली, आणि त्या पानांवर १२ जूनला लागलेली प्रथम वर्ष कला शाखेची पहिली गुणवत्ता यादी. दुसरी यादी २० जूनला नव्या यंत्रावर लागली. तिच्यातल्या मुलांनी शनिवारी, २२ तारखेला दुपारी तीनपर्यंत शुल्क भरायचे होते. न भरल्यास जागा तिसऱ्या यादीकडे.

सोमवारी सकाळी पाटण तालुक्यातल्या एका गावातून एक मुलगी वडिलांबरोबर आली. दोघेही पावसाने निथळत होती. खिडकीशी जाऊन वडिलांनी विचारले, "दुसरी यादी कधी लागणार साहेब?"

आमचे हेडक्लार्क तसे भले गृहस्थ आहेत, पण प्रवेशाच्या दिवसांत देवालाही त्यांच्या खिडकीशी उभे राहायची भीती वाटेल. ते म्हणाले, "लागली आणि संपली. झोपला होता का?"

वडिलांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला आणि पडदा दाखवला. तिथे पहिलीच यादी होती. हेडक्लार्कांनी स्वतःच्या टेबलावरचा पडदा फिरवून दाखवला. तिथे दुसरी यादी होती, आणि तिच्यात बावन्नाव्या क्रमांकावर त्या मुलीचे नाव. "हा जुना फोटो आहे तुमचा," हेडक्लार्क म्हणाले. "फोटो नाही साहेब, आता उघडलंय तुमच्यासमोर," वडील म्हणाले. आवाज चढले म्हणून मी वर्गातून येता येता थांबले. मराठीच्या बाई दिसल्यावर हेडक्लार्क म्हणाले, "घ्या, संकेतस्थळ समिती आली."

मी त्या गृहस्थांचा फोन हातात घेऊन पान पुन्हा उघडले. पहिली यादी. माझ्या फोनवर, महाविद्यालयाच्या वायफायवर, दुसरी. वायफाय बंद करून पुन्हा पाहिले तर माझ्या फोनवरही पहिली! दोघेही खरे बोलत होते. आणि ज्याच्या पडद्यावर शिळे उत्तर होते त्याच्यापुढे कोठेही 'हे शिळे आहे' असे लिहिलेले नव्हते. मला त्या माणसाचे फार वाईट वाटले. चार दिवस तो रोज संध्याकाळी ते पान उघडून पाहत होता, हे त्याने मला मागून सांगितले. मुलगी काहीच बोलत नव्हती. ती आपल्या ओल्या ओढणीचे टोक पिळत होती आणि पुन्हा पुन्हा पिळत होती.

"बाई, खोटं नाही बोलत मी," वडील म्हणाले.

"मला दिसतंय ना दादा. तुम्ही आधी बसा," मी म्हणाले, आणि मामांना चहा सांगून प्रयोगशाळेकडे गेले.

ऐकताच सहायकाचा पहिला संशय फायरवॉलवर गेला. ती मे महिन्यात नवी बसवली होती. नाव विचारणे हे बहुधा पोस्टकार्डासारखे असते: टाकले, उत्तर आले, संपले. याला ते यू. डी. पी. म्हणतात. सबंध वही उतरवून घ्यायची तर मात्र नीट जोडणी करून समोरासमोर बसावे लागते, ते टी. सी. पी. दार एकच, त्रेपन्न नंबरचे. पुष्कळदा पहारेकरी पोस्टकार्डे आत सोडतो आणि बसायला आलेल्या माणसाला मात्र हाकलतो. मग वरवर सगळे ठीक दिसते आणि नक्कल तेवढी जात नाही. त्याने बाहेरच्या जोडणीवरून टी. सी. पी. ने विचारून पाहिले. दार उघडे होते. मग वही कोणाला उतरवू द्यायची त्याची यादी पाहिली, कारण ती वाटेल त्याला देत नाहीत. वही हाती पडली की घरात किती खोल्या आहेत ते चोरालाही कळते. पुण्याचा पत्ता त्या यादीत होता, आणि बरोबर होता. मग त्याने आमचे यंत्र पुन्हा वही वाचायला लावले. तसे केले की "वही बदलली" असा निरोप पुण्याला जातो. निरोप गेला. पुण्याने लगेच अनुक्रमांक विचारला. आमच्या यंत्राने सांगितला. आणि पुणे गप्प बसले.

वही मागितलीच नाही!

"पुण्याला फोन कर," मी म्हणाले.

"केला होता मॅडम. तिथले जे सर हे बघायचे ते निवृत्त झाले. पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधतायत."

मग त्याने दोन्ही यंत्रांना वेगवेगळे विचारले, "तुझा अनुक्रमांक काय?" या आज्ञेचे नाव 'डिग', म्हणजे खणा. दोन आकडे एकाखाली एक आले. त्याने बोट ठेवून मला दाखवले. "हे बघा, पुण्याकडे शून्य चार शून्य तीन, म्हणजे तीन एप्रिलची प्रत. आपली शून्य सहा एक चार, चौदा जूनची. आपली नवी आहे. मग घेत का नाही?"

मी वीस वर्षे वार्षिकांकाची मुद्रिते तपासते आहे. मुद्रिते तपासणाऱ्याचा एक रोग असतो: त्याला शब्द दिसत नाही, अक्षरे दिसतात. सवयीने मी दोन्ही आकडे डावीकडून एकेक अंक करीत वाचू लागले. आमचा: दोन, शून्य, दोन, चार. पुण्याचा: दोन, शून्य, चार, दोन.

२०४२०४०३०१.

तीन एप्रिलला कोणीतरी वहीत काहीतरी किरकोळ बदल केला होता आणि साल टंकताना शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल झाली होती. कोणी केली हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्या वहीला हात लावणारे दोघेजण तोवर नोकरी सोडून गेले होते. पुण्याने इमाने-इतबारे ती वही उतरवून घेतली आणि तेव्हापासून ते सन २०४२ मध्ये राहू लागले. १४ जूनला आमच्या माणसाने साल बरोबर घातले, आणि तेच नेमके घात करून गेले! पुणे दर तासाला येऊन विचारी, २०२४ हा आकडा ऐके, आपल्या २०४२ शी ताडून पाही आणि समाधानाने परत जाई. जिच्यावर जुना पत्ता आहे ती प्रत त्याच्या दृष्टीने अठरा वर्षांनी ताजी होती.

यातली सगळ्यांत वाईट गोष्ट सहायकाने पुढे सांगितली. वहीत एक मुदत लिहिलेली असते, आमच्याकडे ती सात दिवसांची होती. मुख्य यंत्र तितके दिवस सापडलेच नाही तर दुय्यमाने आपली नक्कल बाद समजून उत्तर देणे बंद करायचे. म्हणजे आमचे यंत्र जळून गेले असते तर आठवड्याने पुण्याचा शिळा पत्ताही बंद पडला असता. पण आमचे यंत्र धडधाकट होते, विचारले की उत्तर देत होते. त्यामुळे पुण्याची मुदत तासातासाला नव्याने सुरू होत राहिली. आमच्या जिवंतपणावरच ती शिळी प्रत जगत होती.

काहींनाच ती का दिसली, याचेही कारण आहे. मोबाइल कंपन्यांची जी यंत्रे आपल्यासाठी नावे विचारतात ती, दोघांपैकी कोण लवकर उत्तर देतो हे ध्यानात ठेवून बहुधा त्याच्याकडेच जातात. पुणे मोठे गाव, तिथून उत्तर झटकन येते. म्हणून खेड्यापाड्यांतली मुले पुण्याला विचारीत होती आणि आम्ही आमच्या घरातल्या घरात स्वतःलाच विचारून सगळे छान आहे म्हणत होतो. नकलेतली चूक मोठमोठ्यांनाही भोवली आहे. १२ मे २०१० रोजी जर्मनीत देशाच्या नावाची वही काही यंत्रांवर अर्धवटच उतरली. त्या यंत्रांनी, माझ्याकडे अर्धीच वही आहे, असे म्हटले नाही. उरलेल्या नावांबद्दल विचारणाऱ्याला त्यांनी ठामपणे सांगितले, "असे नावच अस्तित्वात नाही." हेडक्लार्कांचा सूर मला तिथे ऐकू आला.

उपाय अर्ध्या मिनिटाचा होता. आमच्या वहीवर २०४२०४०३०२ हा आकडा घालायचा. पुण्यापेक्षा एकाने मोठा. सहायक थोडा कुरकुरला. "मॅडम, मग आपणही २०४२ मध्ये जाऊन बसणार. पुढचा प्रत्येक बदल तिथूनच मोजायचा."

"बसू दे. तिसरी यादी उद्या सकाळी लागते आहे."

त्याने आकडा घातला. मामांनी आणलेला चहा निवायच्या आत पुण्याचा क्रमांक बदलला. पण त्या गृहस्थांच्या फोनवर अजून पहिलीच यादी होती, कारण त्यांच्या कंपनीच्या यंत्राने आधीचे उत्तर चोवीस तासांसाठी लक्षात ठेवले होते. आमच्याच वहीने ती मुभा दिलेली होती. मी त्यांना ते समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हणजे पोरीचं नाव आहे ना यादीत?"

आता प्राचार्य. त्यांचे म्हणणे असे, की यादी वेळेवर लागली, सूचनाफलकावरही लागली, मुदत संपली. एकीला सवलत दिली तर तिसऱ्या यादीतले पालक विचारतील. म्हणणे अगदीच गैर नव्हते. त्या खुर्चीवर बसले की असेच दिसत असावे. मी वायफाय बंद केलेला माझा फोन त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी स्वतःच्या फोनवर पाहिले. तिथेही जुनीच यादी. प्राचार्य काही वेळ दोन्ही फोनांकडे आळीपाळीने पाहत राहिले आणि म्हणाले, "तिसरी यादी दोन दिवस थांबवा. सूचना लिहा. तांत्रिक अडचणीमुळे, असं घाला."

या दोन शब्दांशी माझे जुने वैर आहे. बस चुकली, निकाल लांबला, पाणी आले नाही, सगळे तांत्रिक अडचणीमुळे. जणू ती पावसासारखी आभाळातून पडते. मी तसे लिहिणार नाही म्हटले. पाच-दहा मिनिटे हुज्जत झाली. अखेर सूचना गेली ती अशी: १४ जूनपासून काही विद्यार्थ्यांना महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी यादी दिसत होती, यात विद्यार्थ्यांचा दोष नाही, दुसऱ्या यादीतील सर्वांना बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत शुल्क भरता येईल. प्राचार्यांनी 'महाविद्यालयाच्या चुकीमुळे' हे शब्द तेवढे खोडले. बाकीचे राहू दिले.

दुसऱ्या यादीतले सतरा जण शनिवारी आले नव्हते. मी, सहायक आणि हेडक्लार्क तिघे फोन घेऊन बसलो. हेडक्लार्क स्वतः होऊन बसले, हे नमूद केले पाहिजे. आणि खिडकीबाहेरचा त्यांचा आवाज फारच मऊ आहे, हे मला त्या दिवशी कळले. नऊ जणांनी जुनीच यादी पाहिली होती. त्यांतले सात बुधवारपर्यंत आले. एकाने शनिवारची वाट पाहून दुसरीकडे पैसे भरले होते आणि ते परत मिळण्यासारखे नव्हते. एका मुलीच्या आईने सांगितले, की यादीत नाव नाही म्हणून तिने शिकायचा नाद सोडला आणि ती मावशीकडे मुंबईला कामाला गेली. मी पत्ता मागितला, पत्र घातले, दोनदा फोन केला. ती आली नाही.

पाटणची मुलगी त्याच सोमवारी शुल्क भरून गेली. पावती हातात घेऊन वडिलांनी ती नीट घडी करून मोबाइलच्या पिशवीतच ठेवली.

राहिले ते सन २०४२. सहायकाला त्यामुळे झोप लागत नव्हती. पुण्याचा पासवर्ड अजून सापडला नव्हता, नाहीतर तिथली नक्कल पुसून नवी उतरवली की काम झाले असते. इकडून करायचे तर आकडा मागे नेता येत नाही. पण यावरही तोड आहे, आणि ती १९९६ साली नियमांत नीट लिहून ठेवली आहे. हे अनुक्रमांक सरळ रेषेत नसतात, घड्याळासारखे वर्तुळात असतात. घड्याळात अकरानंतर दोन वाजतात तेव्हा दोन हा अकरापेक्षा लहान म्हणून आपण वेळ मागे गेली म्हणत नाही. या घड्याळावर ४२९४९६७२९६ खुणा आहेत, आणि अर्ध्याहून कमी अंतरावर जो पुढे असेल तो मोठा. तेव्हा आधी अर्ध्याला जेमतेम कमी एवढी उडी पुढे मारायची, पुण्याने ती प्रत उचलली की तिथून पुन्हा पुढेच जात वर्तुळ ओलांडून २०२४ वर यायचे.

६ जुलैला, शनिवारी, महाविद्यालय सुटल्यावर आम्ही दोघे बसलो. त्याने २०४२०४०३०२ मध्ये २१४७४८३६४७ मिळवले. बेरीज मी कागदावर करून पाहिली, ४१८९५२३९४९. त्याने अंक घातले आणि मला वाचायला सांगितले. मी एकेक अंक मोठ्याने वाचला, तो पडद्यावर बोट सरकवीत गेला. आकडा पुण्याला पोचला. मग २०२४०७०६०१. तो मी दोनदा वाचला. पुण्याने तोही घेतला.

"आता कोण कुठल्या साली आहे?" मी विचारले.

"सगळे आजच्यात," तो म्हणाला, आणि एक दोनशे पानी वही काढून तिच्यात त्याने तारीख, आकडा आणि बदल अशा तीन ओळी आखल्या. चौथा रकाना त्याने 'वाचून पाहिले' असा केला आणि तिथे सही करायला पेन माझ्यापुढे धरले.